दात दिसणारा फोटो

अण्णांना माणूस आधी मापात दिसायचा, चेहऱ्यात नंतर. मुखेडच्या बाजारगल्लीत आमचं शिलाईचं दुकान होतं, म्हणजे घराचीच पुढची खोली. दाराशी पायाची मशीन, भिंतीलगत कापड बेतायचं लांब टेबल, दोरीवर टांगलेले अर्धेमुर्धे शर्ट, आणि पडद्यामागं आमचा संसार. गिऱ्हाईक पायरी उतरून गेलं की आतून माय विचारायची, "कोण आलतं?" अण्णा म्हणायचे, "त्यो न्हाई का, डावा खांदा उतरलेला, पोट सुटलेला." "आवो, नाव सांगा की." "नाव न्हाई ध्यानात." मग माय चुलीपुढं बसल्या बसल्या हसायची. मशीन सकाळी सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. मी त्या आवाजातच अभ्यास करायची. ती थांबली की माझं वाचनही थांबायचं, आणि पुन्हा सुरू झाली की पुढची ओळ. आता नांदेडच्या या घरात सगळं शांत असतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तर वाचायला वेळच वेळ आहे, पण चार पानांच्या पुढं मन लागत नाही.

बालाजी माझा थोरला भाऊ. मी त्याला नुसतं भाऊ म्हणायची. अण्णांनी त्याला मशीनवर बसवून पाहिलं होतं, पण त्याचं लक्ष रस्त्यावर असायचं आणि शिलाई वाकडी जायची. शेवटी ओळखीतल्या एकानं त्याला लातूरला डाळ मिलमध्ये लावून दिलं. शनिवारच्या एसटीनं तो घरी यायचा, तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांत, कानांच्या मागं तुरीचा पिवळा भुगा असायचा. माय त्याला पायरीवरच अडवायची आणि पदरानं त्याचं डोकं झाडायची. "आधी न्हाऊन घे, मंग घरात ये. वरण घालायचं का तुझ्या डोस्क्याचं?" येताना तो मिलमधली तुटक्या डाळीची चुरी फडक्यात बांधून आणायचा. त्या चुरीचं दाट वरण, त्यावर लसणाची फोडणी, गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी. एवढं असलं की माय त्याला जेवताना उठूच द्यायची नाही. तो खायचा आणि मिलमधल्या लोकांच्या नकला करायचा. हसायला लागला की मात्र हात तोंडावर जायचा. वरचा उजवा एक दात शेजारच्या दातावर चढलेला होता, त्याची त्याला लाज वाटायची. फोटो काढताना तर ओठ असे मिटून घ्यायचा, की जणू कुणी त्याला रागावलंय. डावा हातही जरा वाकडा होता. लहानपणी लिंबावरून पडला, हाड बसवणाऱ्यानं कामट्या बांधल्या, ते तसंच जुळलं. अण्णा त्याच्या शर्टाची डावी बाही न मोजताच थोडी तोकडी कापायचे.

त्याचं एक गुपित मला ठाऊक होतं. लातूरला तो अण्णांनी शिवलेली पँट घालायचा नाही. तिथं त्यानं रेडीमेड जीन घेतली होती. एकदा पिशवीच्या तळाशी ती मला सापडली, तर म्हणाला, "अण्णाला सांगू नको सुमे. शिवलेली पँट घातली की पोरं हसतेत मला." गावी यायच्या आधी तो कपडे बदलायचा. मला यात काही मोठं वाटलं नव्हतं. उलट मजाच वाटली होती.

एका शनिवारी तो आला नाही. आम्हाला वाटलं, मिलमध्ये काम जास्त असेल. पुढच्याही शनिवारी आला नाही, तेव्हा अण्णा लातूरला गेले. मिलवाल्यांनी सांगितलं, तो तर मागच्याच आठवड्यात सुट्टी घेऊन गावी निघाला. खोलीत त्याच्यासोबत उस्मान नावाचा मुलगा राहायचा, त्यानं त्याला स्टँडच्या रस्त्याला लागलेलं पाहिलं होतं. पुढचं कुणालाच माहीत नव्हतं. अण्णांनी पोलिसांत खबर दिली, दवाखाने पाहिले, उदगीरला, देगलूरला नातेवाइकांकडे विचारून आले. कुणी सांगितलं हैदराबादला दिसला, कुणी सांगितलं माहूरला गडावर दिसला. प्रत्येक वेळी अण्णा मशीनवर फडकं टाकून निघायचे आणि प्रत्येक वेळी परत येऊन फडकं काढून कामाला बसायचे. माय विचारायची नाही. ताट वाढायची. घरात भांडण नव्हतं, रडणं नव्हतं. सगळे जपून बोलायचे, एवढंच. मी त्या काळात कॉलेजात शास्त्र शाखेला होते. परीक्षा दिली, पासही झाले, आणि त्याचं घरात कुणाला काही वाटलं असेल असं मला आठवत नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात एक हवालदार दुकानात आला. अण्णांना वाटलं, वर्दी शिवायला आलाय, म्हणून त्यांनी टेप हातात घेतला. तो म्हणाला, "बसा मामा." नांदेडच्या वाटेवर लोहा गावाच्या अलीकडं एक जुनी दगडाची खदान होती, तिच्यातलं पाणी त्या वर्षी पार आटलं होतं. चिखलात माणसाची हाडं निघाली होती. नांदेडला मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं होतं की तरणा पुरुष आहे. जिल्ह्यात जेवढे तरणे गडी हरवले होते, तेवढ्यांच्या घरच्यांना बोलावणं होतं. "तुमचाच हाय असं न्हाई मामा," हवालदार पुन्हा पुन्हा म्हणत होता. माय पडद्यामागून बाहेर आली. "लोह्याकडं त्यो कशाला जाईल?" ती म्हणाली. "लातूरहून मुखेडला येणारा माणूस लोह्याकडं जातच न्हाई." हवालदारानं मान हलवली. खरंच होतं ते.

अण्णांनी मला सोबत घेतलं, कारण डॉक्टर काय म्हणतील ते कळायला शिकलेलं कुणीतरी हवं होतं. मायला नेलं नाही. ज्यांच्यासमोर आम्हाला उभं केलं ते डॉक्टर मध्यम वयाचे, हळू बोलणारे होते. पांढऱ्या कापडावर हाडं माणसाच्या आकारात मांडलेली होती, मधे मधे रिकाम्या जागा सोडून. मला वाटलं होतं मी ओरडेन, पण ती तपकिरी हाडं पाहून मला काहीच झालं नाही. तो माणूस वाटतच नव्हता. अण्णा मात्र टेबलाच्या पायाकडच्या टोकाशी उभे राहिले आणि वरपासून खालपर्यंत एकदा बघून त्यांनी डोळे मिटले. त्यांना तो दिसला असावा.

डॉक्टरांनी मला कॉलेजातली मुलगी म्हणून नीट समजावून सांगितलं. कमरेच्या हाडाची ठेवण पुरुषाची. गळ्याजवळच्या हाडाचं आतलं टोक अजून पुरतं जुळलेलं नाही, म्हणजे वय विशीच्या आसपास, पंचविशीच्या आतलं. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज काढतात. तो त्यांनी काढला होता. अण्णांनी विचारल्याविना सांगितलं, "पँटची लांबी चाळीस लागायची त्याला." डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं, हिशेब केला आणि म्हणाले, "जुळतंय. पण काका, या उंचीची मुलं जिल्ह्यात हजारो असतील." अण्णा म्हणाले, "हाव. मीच शिवून राहिलो की त्यांचे कपडे."

मग मी भाऊच्या मोडलेल्या हाताचं सांगितलं. मला वाटलं, आता लगेच निकाल लागेल. डॉक्टरांचा चेहरा थोडा उजळला आणि पुन्हा उतरला. त्यांनी टेबलाकडं हात केला. डाव्या खांद्याच्या खाली काहीच नव्हतं. पाणी कमी झाल्यावर कोल्ह्याकुत्र्यांनी ओढून नेलं असेल, ते म्हणाले. पोलिसांनी दोनदा चिखल चाळून पाहिला होता. जो हात मिळाला असता तर सगळं संपलं असतं, तोच हात नव्हता. दातांचंही तसंच. मागच्या दाढा जागेवर होत्या. पुढचे दात एकाच मुळाचे असतात, मांस गेलं की सुटून पडतात. त्यातले बरेच नव्हते. उजवीकडची एक खाच डॉक्टरांनी मला दाखवली. "इथला दात तिरका असावा असं वाटतं. पण दात नसताना मी ते छातीठोक सांगू शकत नाही." मेला कसा, असं अण्णांनी विचारलं. जेवढी हाडं आहेत त्यांच्यावर मार दिसत नाही, एवढंच ते सांगू शकत होते.

शेवटी हवालदारानं एक कागदाची पुडी उघडली. कमरेपाशी सापडलेलं कापड होतं. म्हणजे जाड पट्टीचा एक तुकडा, धातूचं बटण आणि गंजलेली चेन. अण्णांच्या हातात तो तुकडा आला आणि ते एकदम दुसरेच झाले. त्यांनी तो उजेडाला धरला, उलटा केला, काजावरून अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा असा फुलला की मला भीती वाटली. "माझा न्हाई ह्यो," ते म्हणाले. "साहेब, ही कंपनीची शिलाई हाय. माझ्या पोरानं जन्मात दुसऱ्याच्या हातचं घातलं न्हाई. सुमन, चल. आपला न्हाई ह्यो." त्यांनी पुडी टेबलावर ठेवली, डॉक्टरांना हात जोडले आणि दाराकडं वळले सुद्धा. हवालदार माझ्याकडं बघत होता. मी म्हणाले, "अण्णा, भाऊ लातूरला रेडीमेड घालायचा." ते थांबले, पण वळले नाहीत. "गावी यायच्या आधी बदलायचा. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून." थोड्या वेळानं अण्णा भिंतीशी टेकून खाली बसले आणि म्हणाले, "मला सांगायचं की मग. मी शिवली असती तसली."

डॉक्टरांनी त्यांना पाणी दिलं. मग त्यांनी एक मार्ग सांगितला. कवटी मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवता येते. तिथं माणसाचा फोटो कवटीच्या आकाराएवढा मोठा करतात, कवटी त्याच कोनात ठेवून तिचाही फोटो घेतात आणि दोन्ही एकमेकांवर धरून पाहतात, डोळ्यांच्या खोबणी, नाक, हनुवटी, दाढांची ओळ कुठं कुठं बसते ते. "फोटो मात्र असा हवा, ज्यात तो हसतोय. दात दिसले पाहिजेत." माझी मुलगी आज मला विचारते, आजीचं रक्त घेऊन तपासलं का नाही? तिला ते इतकं साधं वाटतं. पण तेव्हा आमच्यापैकी कुणाचं रक्त कुणी मागितलं नाही, आणि मागायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

घरी येऊन आम्ही ट्रंक उपसली. शाळेचा फोटो, आत्याच्या लग्नातला फोटो, जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला फोटो. सगळीकडं भाऊ ओठ मिटून. माय बाजूला ज्वारी निवडत बसली होती. तिला आम्ही काय शोधतोय ते कळलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "नगा शोधू. हसताना न्हाई सापडला तर बरंच हाय." अण्णा म्हणाले, "असं कसं म्हनतीस?" "मंग कसं म्हनू? तुम्ही त्याला मेलेला शोधून राहिलात. मी जिता शोधून राहिले." मला दोघांचंही पटत होतं. फोटो सापडावा असं वाटायचं आणि पुढची चळत उचलताना हात आखडायचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही लातूरला उस्मानकडं गेलो. तो अजून त्याच खोलीत होता, नवीन पोरांबरोबर. अण्णांना पाहून त्यानं चहा मागवला आणि स्वतः उभाच राहिला. फोटोचं ऐकल्यावर म्हणाला, "है चाचा. माहूरला गेलतो ना आमी सगळे मिलवाले, तवाचा." भिंतीवरच्या आरशामागून त्यानं तो काढला. गडाच्या पायऱ्यांवर भाऊ बसलाय, एका माकडानं त्याच्या हातातला नारळ ओढलाय, आणि भाऊ मान मागं टाकून, तोंड उघडून हसतोय. हात नारळावर अडकलेले, म्हणून तोंडावर न्यायला मोकळे नव्हते. सगळे दात दिसत होते. अंगात ती जीन होती. अण्णांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ घेतला. "चांगली दिसून राहिली त्याला," ते म्हणाले. उस्मान तोंड फिरवून रडायला लागला. "चाचा, मी स्टँडपर्यंत गेलो असतो तर बरं झालं असतं. त्यो बोलला, तू झोप, तुझी रातपाळी है." अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. परतीच्या एसटीत त्यांनी फोटो खिशात घातला नाही, सगळी वाट हातात धरून ठेवला. शेजारच्या बाईनं वाकून पाहिलं आणि विचारलं, "पोरगं का तुमचं? लई गोड हसतंय." अण्णा म्हणाले, "हाव."

मग वाट पाहणं आलं. फोटो गेला, कवटी गेली, पावसाळा गेला. अण्णांनी त्या दिवसांत एकही शर्ट वेळेवर दिला नाही. मी पुढं बरीच वर्षं मुलांना जीवशास्त्र शिकवलं. फळ्यावर हाडांची आकृती काढताना डावा हात काढायला मी थोडी थांबायची. मुलांना वाटायचं, बाई विसरल्या.

अहवाल आला तेव्हा हवालदारानं आम्हाला नांदेडला बोलावलं. या वेळी माय हट्टानं आली. डॉक्टरांनी कागद वाचून दाखवला. खोबणी, नाकाचं हाड, हनुवटी, दाढा, सगळं फोटोशी जुळत होतं. न जुळणारं काही आढळलं नव्हतं. पुढचे दात नसल्यानं खात्रीचं मत देता येत नव्हतं. शेवटची ओळ होती, सदर कवटी छायाचित्रातील व्यक्तीची असू शकते. "असू शकते म्हंजी?" मायनं विचारलं. "हाय का न्हाई?" डॉक्टर म्हणाले, "आई, मला विचाराल तर असावी. पण शंभर टक्के सांगितलं तर मी खोटं बोलल्यासारखं होईल." ते हे बोलताना तिच्याकडं बघत होते, कागदाकडं नाही, हे मला अजून आठवतं. माय म्हणाली, "मला दाखवा. मी हात लावते. मी जलम दिलाय, मला कळंल."

व्हरांड्यात सकाळचं ऊन आलं होतं. बाकड्यावर पांढऱ्या कापडाचं गाठोडं ठेवलं आणि हवालदारानं वरची गाठ सोडली. मी मायचा दंड धरला होता, तो तिनं सोडवून घेतला. तिनं कवटी दोन्ही हातांत घेतली, न्हाणं घातलेल्या लेकराचं डोकं धरतात तशी. कपाळावरून हात फिरवला. टाळूवर तळवा ठेवला. मग बोट आत घालून दाढांची ओळ चाचपली, पुढं आली, जिथं दात नव्हते तिथं थांबली, त्या खाचेत बोट टेकवून तशीच राहिली. अण्णा तिच्या तोंडाकडं बघत होते. मी बघत होते. हवालदार, दारात उभे असलेले डॉक्टर, सगळेच बघत होते. तिनं डोळे मिटले आणि पुन्हा सुरुवातीपासून, कपाळापासून, हात फिरवला. मग तिनं डोळे उघडले. मी आयुष्यात मायला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही.

"न्हाई कळून राहिलं मला," ती म्हणाली. "आवो, मला बी कळंना."

अण्णांनी तिच्या हातातून कवटी घेतली, कापडात ठेवली आणि गाठ बांधली. गाठ त्यांना नीट जमेना, ती मी बांधली. घ्यायचं की नाही, असं हवालदारानं हळूच विचारलं. नाही घेतलं तर बेवारस म्हणून पुरतील, हेही सांगितलं. अण्णा मायकडं बघत राहिले. मायनंच गाठोडं उचललं आणि कमरेवर घेतलं.

नदीकाठी आम्ही त्याला अग्नी दिला. गोदावरीला पाणी बरंच होतं. विधीला बसलेल्या गुरुजींनी राख सोडताना अण्णांना विचारलं, "मृताचं नाव?" अण्णांनी राखेचा हात पाण्यावरून मागं घेतला. गुरुजींनी पुन्हा विचारलं. मी अण्णांकडं पाहिलं, अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, आणि आमच्या दोघांकडूनही ते नाव बाहेर पडेना. एकदा उच्चारलं की ते परत घेता आलं नसतं. माय मागं पायरीवर बसली होती. ती उठली, ओल्या पायऱ्यांवरून जपून खाली आली आणि आमच्या शेजारी पाण्यात उभी राहिली.

"बालाजी म्हना," ती गुरुजींना म्हणाली. "चुकलं असलं तर येऊन भांडंल माझ्याशी."